बोट हलतंय, पण कोणत्या सांध्यात?

चोपडा तालुक्यातल्या एका क्रीडाशिक्षकांचा प्रश्न आहे. १७ वर्षांखालच्या कबड्डी संघातल्या मुलाचं मधलं बोट पकड करताना निखळलं. सरांनी ते मैदानावरच ओढून बसवलं, एक्स-रे काढला नाही. आता तीन आठवडे झालेत. मधला सांधा अजून जाड आहे आणि मूठ पुरती मिटत नाही. तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर आल्यात. मुलाला उतरवायचं का, आणि एकूणच हाताचं कोणतं दुखणं मैदानावर सांभाळायचं, कोणतं त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं, असं त्यांनी विचारलंय.

सर, आधी तुमच्या मुलाचं बघू. एक्स-रे झाल्याशिवाय त्याला उतरवू नका. तीन आठवडे उलटले, आता काढून काय उपयोग, असंही म्हणू नका. आणि नुसता 'हाताचा एक्स-रे' नको. 'मधल्या एका बोटाचा, समोरून आणि बरोबर बाजूने' असं चिठ्ठीवर लिहून घ्या. अख्ख्या हाताच्या फोटोत बाजूने चारही बोटं एकमेकांवर येतात आणि नेमकं बघायचं तेच झाकलं जातं. मधल्या हाडाच्या बुडाशी, तळहाताच्या बाजूला टवका उडालाय का, आणि सांधा खरोखर जागेवर आहे की किंचित वर सरकलेला, हे त्यात बघायचं असतं. बारीक कण उडालेला असेल तर घाबरायचं कारण नाही. पण सांध्याच्या पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त गेला असेल तर तो सांधा आपणहून जागेवर राहत नाही. अशा वेळी हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावंच लागतं.

एक तपासणी तुम्ही आजच करू शकता. टेबलाच्या कडेवर त्याचं बोट ठेवा, मधला सांधा काटकोनात वाकलेला, पुढचा भाग कडेखाली लोंबता. मधल्या हाडावर तुमचं बोट टेकवा आणि त्याला म्हणा, बोट सरळ करायला जोर लाव. सगळं ठीक असेल तर तुमच्या बोटाला चांगला दाब जाणवतो आणि टोकाचं पेर ढिलं राहतं. दाब लागत नाही आणि टोकाचं पेर मात्र ताठ होऊन वर येतं, असं दिसलं तर मधला सांधा सरळ करणारा टेंडनचा पट्टा (टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटलाय असं समजा. हे निसटलं तर पुढच्या काही आठवड्यांत बोट मध्ये वाकलेलं आणि टोकाला उलटं वळलेलं असं कायमचं होऊन बसतं. उपाय साधा आहे, पण चिवट. फक्त मधला सांधा सरळ ठेवणारी पट्टी सहा आठवडे लावायची, टोकाचं पेर मोकळं सोडायचं आणि ते दिवसभर वाकवत राहायचं. तीन आठवडे उशीर झाला असला तरी याचा फायदा होतो.

एक्स-रे आणि ही तपासणी, दोन्ही ठीक निघाली आणि मूठ दुसऱ्या हाताइतकी मिटायला लागली तर बोट शेजारच्या बोटाशी बांधून त्याला खेळू द्या. सूज उतरायची वाट बघत बसू नका, कारण हा सांधा एकदा निखळला की सहा महिने, कधी वर्षभर जाड राहतो आणि काहींचा तर कायमचाच. जुनी अंगठी पुन्हा चढणार नाही, हे घरच्यांना आधीच सांगून टाका म्हणजे महिन्या-महिन्याला फोन येत नाहीत. मूठ मिटत नाही त्याची काळजी जास्त करा. गरम पाण्यात हात बुडवून दिवसातून पाच-सहा वेळा तो सांधा त्याने स्वतः वाकवायचा. दुसऱ्या कुणी दाबून वाकवायचा नाही.

आता ओढण्याविषयी. मधला सांधा सरळ ओढून बसतो हे खरं, आणि अडावद-लासूरकडून दवाखाना गाठेपर्यंत मूल कळवळत असतं हेही मला कळतं. तरी माझा सल्ला आहे की ओढू नका. आहे त्या स्थितीत आधार देऊन न्या. निखळलेलं आणि मोडलेलं बोट बाहेरून सारखंच दिसतं. आणि तळहाताला लागून असलेले बुडाचे सांधे, विशेषतः अंगठ्याचा आणि तर्जनीचा, यांना तर हातच लावू नका. ते सरळ ओढले की सांध्याखालची जाड पट्टी आत अडकते आणि जे दवाखान्यात दोन मिनिटांत बसलं असतं त्यासाठी भूल देऊन चिरा द्यावा लागतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला, कोणतं न्यायचं आणि कोणतं नाही, याला बहुतेक लोक सूज आणि ठणका हा निकष लावतात. हाताच्या बाबतीत तो फसवा आहे. ज्या दुखापतींनी हात कायमचा अधू होतो त्यातल्या बऱ्याच पहिल्या दिवशी फारशा दुखत नाहीत. उलट ज्या बोटाने रात्रभर झोपू दिलं नाही ते नखाखाली साकळलेलं रक्त निघतं. म्हणून दुखतं किती हे नंतर विचारा, आधी कोणती हालचाल गेली ते बघा. प्रत्येक बोटाचा प्रत्येक सांधा वेगळा धरून, वाकव आणि सरळ कर, एवढंच करून घ्या. यात पाच मिनिटंही जात नाहीत.

कबड्डीवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची दुखापत ही. चढाईवाला निसटतोय, रक्षकाच्या हाताला त्याची बनियन किंवा हाफ पँटचं टोक लागलंय, बोटं आकड्यासारखी वळलेली आहेत आणि समोरचा झटका मारून मध्यरेषेकडे जातो. त्या झटक्यात टोकाचं पेर वाकवणारा टेंडन हाडापासून उपटला जातो. बहुतेक वेळा अनामिकेचा. मुलगा बोट झटकतो, मूठ मिटवून बघतो, मूठ जवळजवळ मिटतेही, कारण बाकीचे दोन सांधे दुसऱ्या टेंडनने वाकतात. "काही नही व्हयनं" म्हणून तो पुन्हा मैदानात. तपासायचं कसं? बोटाचा मधला सांधा तुमच्या चिमटीत सरळ धरून ठेवा आणि म्हणा, फक्त टोक वाकव. टोक जराही हललं नाही तर त्याच दिवशी गाडीत बसवा. उपटलेला टेंडन आकसून तळहातापर्यंत मागे सरकू शकतो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. ७ ते १० दिवसांत शिवला तर छान जुळतो. महिन्याभराने आलेल्याला टेंडनचं कलम, दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया, नाहीतर टोकाचा सांधा कायमचा जाम करणं, एवढेच पर्याय उरतात. एक्स-रे स्वच्छ असू शकतो, कारण नेहमीच हाडाचा तुकडा निघतो असं नाही. 'फ्रॅक्चर नाही' हे ऐकून परत आलेली अशी बोटं मी दर मोसमात बघतो.

याच्या उलट दुखापत म्हणजे टोकाचं पेर खाली पडणं. व्हॉलीबॉलचा ब्लॉक घेताना किंवा क्रिकेटचा झेल घेताना चेंडू बोटाच्या टोकावर सरळ बसतो आणि टोक सरळ करणारा टेंडन तुटतो. बोट टोकाला लोंबतं, हाताने सरळ होतं, सोडलं की पुन्हा पडतं. याला बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागत नाही, लागते ती शिस्त. टोकाचा सांधा सरळ ठेवणारी पट्टी ६ ते ८ आठवडे, दिवसरात्र, अंघोळीलासुद्धा. मधे एकदा जरी टोक वाकलं तरी मोजणी पहिल्या दिवसापासून. मुलं इथेच हरतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला गेला की पट्टीखाली घाम साचून कातडी पांढरी पडते, वास यायला लागतो, आणि मुलगा वैतागून पट्टी काढून टाकतो. म्हणून दोन पट्ट्या द्या. बदलताना हात टेबलावर पालथा ठेवायचा, बोटाचं टोक टेबलाला टेकलेलं राहू द्यायचं, पट्टी सरकवून काढायची, बोट पुसून कोरडं करायचं आणि टोक न उचलता दुसरी सरकवायची. पहिल्या वेळी घरातल्या मोठ्या माणसाने हे करावं. सांधा मागे जास्त वाकवून बांधू नका. सांध्यावरची कातडी फिकट पडली तर ते जास्त झालंय. उशिरा आलेल्यालाही पट्टीने फरक पडतो, त्यामुळे महिना झाला म्हणून सोडून देऊ नका. टेंडनबरोबर हाडाचा मोठा तुकडा निघाला असेल आणि सांधा सरकला असेल तर मात्र डॉक्टर वायर घालतील.

मनगटाकडे वळतो. पडताना माणूस हात पुढे टेकवतो. खो-खोत सूर मारताना, कुस्तीत पाठीवर पडायचं टाळताना, मोटारसायकलवरून घसरतानाही. मनगट दुखतं, थोडी सूज येते, आठ-पंधरा दिवसांत कमी होते आणि सगळे म्हणतात मुरगळलं होतं. यातल्या काहींचं स्कॅफॉइड मोडलेलं असतं. अंगठ्याच्या रेषेत मनगटात काजूएवढं हे हाड. अंगठा वर ताणला की त्याच्या बुडाशी दोन टेंडनमध्ये खळगा दिसतो. त्या खळग्यात बोटाने दाबलं आणि कळ आली, किंवा अंगठा त्याच्याच रेषेत मनगटाकडे दाबल्यावर दुखलं, तर एक्स-रेमध्ये काही दिसो न दिसो, ते मोडलंय असंच धरून चालायचं. स्कॅफॉइडची बारीक चीर पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत दिसत नाही हे वरचेवर घडतं. प्लास्टर घालून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा, किंवा घाई असेल तर एमआरआय.

या हाडाबद्दल एवढा हट्ट करण्याचं कारण त्याच्या रक्तपुरवठ्यात आहे. रक्त बोटांकडच्या टोकातून शिरतं आणि उलटं कोपराकडच्या टोकाकडे जातं. मधे मोडलं की कोपराकडचा तुकडा उपाशी पडतो. न जुळलेलं स्कॅफॉइड पहिली काही वर्षं फारसा त्रास देत नाही, मग मनगटाचा सांधाच झिजायला लागतो. वेळीच ओळखलं तर ८ ते १२ आठवड्यांचं प्लास्टर, किंवा स्क्रू. आमच्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं प्लास्टरला कबूल होत नाहीत. 'सर, दोन महिन्यांवर ग्राउंड आहे, गोळाफेक आहे.' मी त्यांना दोन्ही पर्याय समोर ठेवतो. स्क्रू घातला तर हात लवकर मोकळा होतो, पण गोळा हाड जुळल्यावरच. न जुळलेल्या मनगटाने गोळा फेकून मिळवलेले गुण पुढची तीस वर्षं काठी धरताना वसूल होतात. पटतं कुणाला, कुणाला नाही.

मनगटावर पडल्यावर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर झालं, मुंग्या आल्या, तर थांबायचं नाही. मनगटाच्या मधलं हाड जागचं सुटून नसेवर दाबत असू शकतं. हे एक्स-रेत असूनही नजरेतून सुटतं. त्यामुळे बधिरपणा आहे हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूचं दुखणं, हात पिळल्यावर, पंप मारताना किंवा दाराची मूठ फिरवताना येणारी कळ, ही सहसा तिथल्या कूर्चेची असते. पैलवानांत आणि बॅडमिंटनवाल्यांत दिसते. बहुतेक आरामाने आणि पट्ट्याने बसते, घाईचं काही नसतं. फलंदाजाच्या तळहातात करंगळीच्या बुडाशी, बॅटची मूठ टेकते तिथे महिनोन्महिने दुखत राहिलं तर तिथल्या आकड्यासारख्या हाडाला चीर असू शकते. साध्या एक्स-रेत ती सापडत नाही, सीटी स्कॅनमध्ये दिसते.

अंगठ्याचं एक सांगतो, कारण कुस्तीत आणि कबड्डीत दोन्हीकडे होतं. अंगठा बाहेरच्या बाजूला जोरात ओढला गेला की बुडाच्या सांध्याचं आतलं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, फाटतं. चावी फिरवताना किंवा वहीचं पान चिमटीत घट्ट धरताना अंगठा कच खातो. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याशी ताडून बघा. अर्धवट फाटलं असेल तर अंगठ्याचं प्लास्टर चार ते सहा आठवडे. पण पूर्ण फाटलेलं टोक कधी कधी शेजारच्या स्नायूच्या पडद्यावरून बाहेर येतं आणि परत आत जाऊच शकत नाही. ते कितीही प्लास्टर घातलं तरी जुळत नाही, शिवावंच लागतं. अंगठा ढिला वाटतोय तर दोन आठवड्यांच्या आत दाखवा.

मुठीने मारामारी झाली की करंगळीच्या बुडाचं तळहातातलं हाड मोडतं. ते थोडं वाकडं जुळलं तरी चालतं. पण बोट पिळलं गेलं असेल तर चालत नाही. म्हणून मूठ अर्धी मिटवून नखांकडे बघा. एक बोट दुसऱ्यावर चढत असेल तर ते सरळ करून घ्यावं लागतं. आणि या मारामारीत मुठीच्या टेंगळावर समोरच्याचा दात लागून बारीकशी जखम झाली असेल, तर मुलगा कितीही लपवो, त्याच दिवशी दवाखाना. तोंडातले जंतू थेट सांध्यात जातात आणि दोन दिवसांत सांधा पू होऊन वितळतो. टाके घालून बंद करायची जखम नाही ती, आत धुवायची आहे.

लहान मुलांना वेगळा नियम. वाढीच्या वयात हाडाच्या टोकाची वाढीची पट्टी लिगामेंटपेक्षा कमजोर असते, त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलाचं मनगट 'लचकलं' असं मी सहजी म्हणत नाही. मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्सची मुलं हातावर अख्खं शरीर तोलतात. त्यांच्या मनगटात दर सरावाला दुखत असेल तर ती वाढीच्या पट्टीवरची ताणाची इजा असते. हातावर भार काही आठवडे पूर्ण बंद. पायांचा, पोटाचा सराव चालू ठेवा म्हणजे मूल हिरमुसत नाही.

मैदानावर करायचं ते थोडं आहे, पण पहिल्या दहा मिनिटांत. अंगठी, कडं, मनगटावरचा गंडा-दोरा, सगळं लगेच काढा. सूज चढल्यावर अंगठी कापावी लागते. गंडा कापायला घरचे तयार नसतील तर तो उकलून खिशात ठेवायला सांगा. बर्फ रसवंतीवर मिळतो, तो फोडून रुमालात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, कातडीवर थेट नको. हात लोंबता ठेवू नका, छातीच्या वर धरा. दवाखान्यात नेताना मोटारसायकलवर मागे बसवलंय आणि हात खाली लोंबतोय, हे चित्र मी रोज बघतो, आणि येईपर्यंत बोटं दुप्पट झालेली असतात. आधाराला वहीचा पुठ्ठा किंवा फुटपट्टी चालते. मालिश मात्र नाही, त्या दिवशी नाही आणि पुढच्या आठवड्यातही नाही.

आंबेहळदीच्या लेपाला माझा विरोध नाही, नुकसान करत नाही. लेपात चुना घालू नका, कातडी भाजते, आणि फोड आलेल्या हातावर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. हाडवैद्याकडच्या बांबूच्या कामट्यांबद्दल मात्र मला तडजोड नाही. बांधल्यावर ठणका वाढतच गेला, बोटं निळसर किंवा थंड पडली, मुंग्या आल्या, आणि दुसऱ्याने बोटं सरळ करताच मूल किंचाळलं, तर रात्री दोन वाजले असले तरी ती बांधणी कापून टाका आणि निघा. रक्त अडलेला स्नायू सहा तासांत मरायला लागतो. मग हात आयुष्यभर वळलेल्या पंजासारखा राहतो. हेच दवाखान्यातल्या घट्ट प्लास्टरलाही लागू आहे. प्लास्टर सैल करून घ्यायला आलात तर कुणी चांगला डॉक्टर रागावणार नाही.

प्लास्टर किंवा स्लॅब (एकाच बाजूने घातलेलं अर्धं प्लास्टर) घालून घेताना एक गोष्ट बघून घ्या. मनगटाचं फ्रॅक्चर असेल तर प्लास्टर तळहातावरच्या घडीपाशी थांबलं पाहिजे, बोटं पूर्ण मिटली पाहिजेत. बोटांचीच दुखापत असेल आणि स्लॅब घालायचा असेल तर बुडाचे सांधे वाकलेले आणि पुढचे दोन्ही सरळ, अशीच स्थिती हवी. उलट केलं तर तीन आठवड्यांत सांधे आखडतात आणि ते सोडवायला फ्रॅक्चरपेक्षा जास्त वेळ जातो. खर्चाचं म्हणाल तर शस्त्रक्रिया सांगितली की महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हाडांचा विभाग आहेच. टेंडनसाठी मात्र हाताचं काम करणारा सर्जन कुठे मिळेल हे आधी फोनवर विचारून निघा, दिवस वाया जात नाही.

बोटं शेजारी बांधण्याची पद्धत मुलांना शिकवून ठेवा, कारण ती नव्वद टक्के चुकीची बांधलेली असतात. दोन बोटांमध्ये आधी कापसाची किंवा गॉजची पातळ घडी, नाहीतर घामाने मधली कातडी सोलते. टेप सांध्यांवर नाही, सांध्यांच्या मधल्या भागावर, दोन ठिकाणी, म्हणजे बोटं वाकतात. करंगळी अनामिकेशी, मधलं बोट अनामिकेशी, तर्जनी मधल्याशी. टेप लावून झाल्यावर नख दाबून सोडा, गुलाबी रंग दोन सेकंदांत परत आला पाहिजे. साध्या निखळण्यानंतर खेळताना तीन ते सहा आठवडे टेप, सराव असो की सामना. परत घेताना दोनच गोष्टी बघा: त्या बोटाची मूठ दुसऱ्या हाताइतकी मिटते का, आणि टॉवेल पिळताना दोन्ही हातांचा जोर सारखा लागतो का. नखं कापलेली आणि अंगठ्या काढलेल्या, हे पंच तपासतात तेव्हा नाही, संघ गाडीत बसण्याआधी तपासा.